भिंतीतला वळसा

माझ्याशी लग्न करायचं की नाही, हे माझ्या नवऱ्याने एका संध्याकाळी ठरवून टाकलं होतं. वायर कुठली घ्यायची हे ठरवायला मात्र त्याला महिना पुरेना. जेवणाच्या टेबलावर त्याने वायरींचे वीत-वीतभर तुकडे मांडून ठेवले होते. निळे, करडे, पांढरे, आणि एक काळा, करंगळीएवढा जाड. त्यांना धक्का न लावता ताटं ठेवायची आणि मुकाट जेवायचं. एकदा टेबल पुसताना त्यातला एक तुकडा फडक्याबरोबर गेला, तर त्याने कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर पालथा करून तो शोधला, धुतला आणि परत जागेवर ठेवला. माझ्या कानातलं हरवलं होतं तेव्हा हा माणूस पलंगाखाली वाकलासुद्धा नव्हता.

वायर हवी होती ती घरातल्या थिएटरसाठी. थिएटर व्हायचं होतं मागच्या खोलीत. आणि मागची खोली माझ्या वडिलांची होती.

होती म्हणजे, ठरली होती. अप्पा एकटे राहायचे ती इमारत पाडायला काढली आणि सगळ्या बिऱ्हाडांना जागा सोडायला सांगितलं, तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं. तो दाढी करत होता. येऊ देत की, खोली पडूनच आहे, असं तो आरशात बघत म्हणाला. मी लगेच अप्पांना फोन करून सांगितलं, मागची खोली तुमची, खिडकीत सकाळचं ऊन येतं, तुमची झाडं घेऊन या. त्यानंतर काही दिवसांनी नवरा त्याच्या साहेबाकडे जेवायला गेला. साहेबाच्या घरी भिंतभर पडदा आणि चारी कोपऱ्यांत स्पीकर. तिथून परत आला तो ताप चढल्यासारखा दिसत होता. एक-दोन दिवसांनी मोजपट्टी घेऊन मागच्या खोलीत शिरला.

मी विचारलं, अप्पांचं काय. तो म्हणाला, हॉलमध्ये दिवाण आहे ना, चांगला ऐसपैस आहे. म्हणजे दिवसभर आल्यागेल्याने ज्यावर बूड टेकायचं त्यावर रात्री माझ्या बापाने झोपायचं, आणि स्पीकरांना मात्र स्वतंत्र खोली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तोही काही कमी नाही. तो विमा कंपनीत आहे, लोकांचे दावे नाकारायचं काम करतो आणि फार चांगलं करतो.

"येऊ देत असं मी म्हणालो," तो म्हणाला. "खोली देतो असं म्हणालो नव्हतो."

"खोली पडूनच आहे, म्हणालास."

"ती माहिती होती."

त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. अगदी तुटलं असंही नाही, वायरीपुरतं उरलं. हॉलमधला इंटरनेटचा डबा आणि मागची खोली यांच्यामध्ये न्हाणीघर येतं, आणि त्या ओल्या भिंतींतून वायफाय धड पोचत नाही. चित्र अडकत अडकत येतं. म्हणून हॉलपासून भिंतीतल्या पाइपातून वायर न्यायची. आता या वायरींना नंबर असतात, सहा, सात, आठ. नवरा कामावरून आला की लॅपटॉप उघडून जगभरातल्या अनोळखी रिकामटेकड्यांना विचारायचा. सहावी पुरते, पण आठवी घातली की पुढची वीस वर्षं बघायला नको. सातवी म्हणजे धड ना इकडची ना तिकडची. मला ऐकवायला तो त्यांची ही उत्तरं मोठ्याने वाचायचा, आणि मी भांडी आपटत म्हणायचे की शाळेतसुद्धा तुझं घोडं आठवीतच अडलं होतं ना, तुझ्या बहिणीनेच सांगितलंय.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांपुढे भिंगं बदलून विचारते, हे बरं दिसतं की हे. त्यातून मला एक कळलंय. ज्याला दोन्हीतला फरक मुळीच दिसत नसतो, तोच सगळ्यांत जास्त वेळ लावतो.

घोंगडं असं भिजत पडलेलं असतानाच अप्पा आले. एक बॅग आणि एक अवजारांची पेटी. झाडं नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, वाटेत मोडली असती, समोरच्या इमारतीतल्या शेजारणीकडे ठेवली आहेत. खोलीचं मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. फोनवर जीभच उचलली गेली नव्हती. आता विचारतील, मग विचारतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्यांनी बॅग दिवाणाखाली सरकवली, चपला भिंतीशी सरळ लावल्या आणि हात धुऊन जेवायला बसले. मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचा राग आला.

अप्पांविषयी एवढं सांगायला हवं की ते गरीब स्वभावाचे वगैरे मुळीच नाहीत. टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून, शेकडो तारा रंगांवरून ओळखून, जोडीला जोडी मारण्यात त्यांची नोकरी गेली, आणि ते जन्मभर असं बोलत आले की शहरातली सगळी लग्नं, भांडणं आणि धंदे त्यांच्याच बोटांतून गेले. खात्यातल्या साहेबांना त्यांनी कधी साहेब म्हटलं नाही. आईशी ते रोज भांडले. आई गेल्यावर रेडिओशी भांडायला लागले.

तर त्यांनी पहिला घास घेतला, टेबलावरचे तुकडे पाहिले आणि चष्मा लावला. मला वाटलं, संपलं.

त्यांनी तो काळा जाड तुकडा उचलून वाकवला आणि विचारलं, हे धूड पाइपाच्या कोपऱ्यात वळणार कसं. नवऱ्याने आठव्या नंबराची थोरवी सांगितली. प्रत्येक जोडीवर चांदीसारखा कागद, त्यावर जाळी, त्यावर जाड कातडं. अप्पा म्हणाले, एवढे कपडे घालून न्हाणीघरातून कोण जातं. मला हसू आलं आणि नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला की अप्पा, तुमच्या तारांतून फक्त हॅलो हॅलो जायचं, इथे चित्र जातं, जमाना बदलला. अप्पांनी चाकूने एका पांढऱ्या तुकड्याचं टोक सोललं, तांब्याची तार खरवडली, आणि आतून निघालेला पांढुरका ॲल्युमिनियम नवऱ्याच्या ताटाच्या कडेला ठेवला.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," ते म्हणाले.

नेमकी तीच वायर नवरा त्या आठवड्यात मागवणार होता, स्वस्त पडते म्हणून. खरं तर त्याने आभार मानायला हवे होते. तो ताट घेऊन उठला.

त्यानंतर दोघं माझ्यामार्फत बोलायला लागले. तुझ्या वडिलांना सांग, जाळी असलेली वायर विजेच्या वायरीशेजारून गेली तरी चालते. तुझ्या नवऱ्याला सांग, शेजारून न्यायचीच कशाला, मधे हातभर अंतर ठेवावं. मी मधल्या मधे टेलिफोन एक्स्चेंज झाले होते. शेवटी मी दोघांना गाडीत घातलं आणि वायरींच्या दुकानात नेलं.

दुकानातली बाई आमच्यापेक्षा खमकी निघाली. तिचा चष्मा एका बाजूला वाकलेला होता, तो सरळ करून देण्यासाठी माझे हात शिवशिवत होते, पण तिच्या तोंडाकडे बघून मी ते खिशात ठेवले. वायर किती लांब न्यायची आहे ते तिने विचारलं. नवऱ्याने सांगितलं, हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत. मग आठवी कशाला, बोगदा खणताय का, असं म्हणून तिने सहाव्या नंबराची भरीव तांब्याची वायर काउंटरवर आपटली. अप्पा म्हणाले, मी हेच सांगत होतो. ती म्हणाली, तुम्ही सांगत नव्हता, भांडत होता, मी तुम्हाला गाडीतून उतरल्यापासून ऐकतेय. मग प्लग काढून देताना तिने विचारलं की टोकांना रंगांचा क्रम कसा लावायचा ते माहीत आहे ना. नवऱ्याला ते व्हिडिओ बघून पाठ होतं. तो सांगायला लागणार तोच अप्पा मधे पडले.

"बाई, मी झोपेत जोड मारतो," ते म्हणाले. "मला रंग शिकवू नका."

नवरा तोंड मिटून राहिला. तेव्हाच तो बोलला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सासऱ्यासमोर दुसऱ्यांदा तोंडघशी पडायला कोण जाणार, आणि शिवाय कामाला माणूस फुकट मिळत होता.

अप्पांनी काम काढलं आणि त्यांचं वय कुठल्या कुठे गेलं. गुडघे दुखतात म्हणून बाजारातही न जाणारा माणूस माझ्या घरात जमिनीवर आडवा पडून पाइपात तोंड घालत होता. पाइपातून आधी दोरी, दोरीला वायर, वायरीला साबणाचं पाणी. मी या टोकाला ओढायची आणि ते त्या टोकाने सोडायचे. हळू, ते ओरडायचे, ती तार आहे, बैल नाही. ते शीळ घालत होते. मागच्या खोलीत, त्यांच्या खोलीत, जिथे त्यांचा पलंग यायचा त्या भिंतीला ते स्वतःच्या हाताने भोक पाडत होते आणि वर शीळ घालत होते. मला नवऱ्यापेक्षा त्यांचा राग आला. एवढं कसं कळत नाही यांना, असं मनात येऊन मी दोरी इतक्या जोरात ओढली की माझ्या बोटांना चरे पडले.

दोन्ही टोकांना, भिंतीतल्या चौकोनी डबीत, त्यांनी वायरीचा चांगला वळसा गुंडाळून ठेवला. नवरा दारात उभा होता. एवढी वायर आत कशाला कोंबता, वाया जाते, असं तो मला म्हणाला, म्हणजे त्यांना. या वेळी अप्पांनी त्याला सरळ उत्तर दिलं.

"वळसा मागून येणाऱ्यासाठी ठेवायचा असतो, जावईबापू. टोक बिघडलं, कापायची वेळ आली, तर त्या माणसाला भिंत फोडायला लागू नये."

मग त्यांनी आठही तारा रंगवार लावल्या, प्लग घालून दाबले आणि नवऱ्याकडे तपासायचं यंत्र मागितलं. छोटंसं, आठ दिव्यांचं. एकामागून एक आठही दिवे लागले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत पहिला आलेला मुलगा घरी येऊन जसा बघतो तसे ते बघत होते, आणि मी मान फिरवली.

नवऱ्याने खोली सजवली. भिंतींना काळ्या मऊ गाद्या चिकटवल्या, आवाज घुमू नये म्हणून. खिडकीला काळा पडदा लावला, त्यामुळे सकाळचं ऊन संपलं. छताला प्रोजेक्टर टांगला. आणि पहिल्या खेळाला माझ्या नणंदेला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं, कारण आपलं वैभव बहिणीने बघितल्याशिवाय त्याला ते वैभव वाटत नाही.

आम्ही सगळे बसलो. अप्पांना त्याने मागे स्टुलावर बसवलं. दिवे मालवले, पडद्यावर समुद्र आला, खरंच सुंदर दिसला, आणि एक लाट अर्धी उठून तिथेच थांबली. मग तुटक आवाज, मग चौकोन चौकोन, मग पुन्हा लाट, पुन्हा थांबली. नणंदेचा नवरा म्हणाला, घरी आमचा साधा टीव्ही आहे पण लाट पूर्ण येते. नणंद हसली. नवरा अंधारात उठला, डबा बंद करून चालू केला, मोबाइलवर काहीतरी दाबलं. लाट अर्धीच.

"वायरिंग अप्पांनी केलंय ना," तो बहिणीला म्हणाला. अप्पा तिथेच, मागे, स्टुलावर होते.

अप्पा उठून यंत्र घेऊन आले. आठही दिवे लागले. त्यांनी पुन्हा तपासलं. पुन्हा लागले. दिवे तर लागतायत, ते म्हणाले. पाहुणे जेवून गेले, आणि जाताना नणंद माझ्या कानात म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना कशाला कामाला लावता. मला तिचं तोंड काळ्या गादीत दाबावंसं वाटलं. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत, आणि सकाळी पाहिलं तर दिवाणावर अवजारांची पेटी उघडी टाकून एकेक हत्यार पुसत बसले होते.

नवऱ्याने नेटवर्कचं काम करणारा माणूस बोलावला. त्याने मोठं यंत्र लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग हॉलमधला प्लग डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि हसला. त्यात वाईट भाव नव्हता, पण हसला.

हे टेलिफोनवाल्याने केलंय ना, त्याने विचारलं. त्याने समजावून सांगितलं की या वायरीत आठ तारा म्हणजे चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून असते. टेलिफोनवाले जोडीशेजारी जोडी लावत जातात, निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. इथे मात्र एक जोडी फोडून मधल्या जोडीच्या दोन्ही अंगांना लावावी लागते. नाही लावली तरी प्रत्येक तार पोचते, म्हणून दिवे आठही लागतात. पण ज्यांचा पीळ एक त्यांनी एकत्र काम करायचं, ते होत नाही, आणि सगळ्या एकमेकींच्या कामात गोंधळ घालतात. बोलणं चालतं यावर, तो म्हणाला, चित्र चालत नाही. मग डबी उघडून म्हणाला, पण वळसा ठेवलाय चांगला, नाहीतर तुमच्या त्या गाद्या फाडाव्या लागल्या असत्या. टोकं कापून नवीन लावली की झालं.

अप्पा पुढे आले. त्यांचा आवाज मी इतका खाली कधी ऐकला नव्हता.

"मी लावतो. मला फक्त क्रम सांगा."

"हात लावू नका आता," नवरा म्हणाला. "पुरे झालं."

माझं डोकं सटकलं. त्या परक्या माणसासमोर मी सगळं काढलं. ही खोली त्यांची होती, तू हो म्हणाला होतास, त्यांना दिवाणावर टाकलंस, वर त्यांच्याकडूनच त्यांच्या खोलीला भोकं पाडून घेतलीस, आणि आता हात लावू नका म्हणतोस. नवरा म्हणाला की दिवसभर लोक मला फोनवर शिव्या देतात, माझ्या घरात एक खोली मागितली तर काय बिघडलं. मी म्हटलं, आपल्या घरात, दोघांच्या नावावर आहे. नेटवर्कवाला हातातल्या पकडीकडे असा बघायला लागला की जणू ती आजच पाहतोय.

"तू गप्प बस," अप्पा म्हणाले. नवऱ्याला नव्हे, मला. "मला ठाऊक होतं. मी निघायच्या आधीच जावईबापूंचा फोन आला होता. खोली नाही, दिवाण आहे, म्हणाले. म्हणून तर झाडं आणली नाहीत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो डबीकडे बघत होता.

"मग तुम्ही शीळ कसली घालत होता?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि मला ते नको होतं.

"म्हटलं, कामाच्या माणसाला कोणी घराबाहेर काढत नाही. एक काम चोख करून दाखवावं, म्हणजे दिवाण तरी पक्का." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "तेवढं एक काम होतं. तेही चुकलं."

बाहेर कोण काढतंय तुम्हाला, असं नवरा पुटपुटला, पण ते कोणाला उद्देशून नव्हतं. तुम्ही खोली मागितली नाहीत जावईबापू, घेतलीत, असं अप्पा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी नेटवर्कवाल्याच्या हातातली पकड काढून घेतली. त्याने दिलीही. नवरा एक पाऊल पुढे आला आणि मी त्याच्या वाटेत उभी राहिले.

अप्पांनी जुना प्लग कापला, डबीतला वळसा थोडा सोडवला, तारा सोलल्या. नेटवर्कवाला रंग सांगत गेला आणि ते लावत गेले. हिरव्या जोडीशी आले तेव्हा त्यांची बोटं थांबली. आयुष्यभर जी जोडी त्यांनी कधी फोडली नव्हती, ती फोडून दोन बाजूंना लावायची होती. त्यांनी लावली. पकड दाबली. नेटवर्कवाल्याने प्लग उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा सरळ आहे.

नवऱ्याचा चेहरा जरा सैल पडला. बघा, जमलं की, आता आतलं एक टोक, असं म्हणत तो स्वतःच पुढे होऊन मागच्या खोलीचा दिवा लावायला गेला. आम्ही सगळे त्याच्यामागे गेलो. काळ्या गाद्या, काळा पडदा, मधे पाय पसरून सिनेमा बघायला आणलेली त्याची ती लांबट खुर्ची. अप्पा गुडघ्यावर बसले, डबी उघडली, प्लग कापून खिशात टाकला. मग त्यांनी वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, सगळा वळसा डबीत परत ठेवला, वर झाकण लावलं आणि दोन्ही स्क्रू घट्ट पिळले.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं? प्लग कुठे लावला?"

अप्पा उठायला भिंतीचा आधार घेऊ लागले, पण हात गादीत रुतला. मी पुढे झाले तर त्यांनी मला लांब ठेवलं आणि आपले आपण उठले.

"मी या खोलीत राहणार आहे," ते म्हणाले. "मला सांगितलं होतं, खोली तुमची. मी आता काही कामाचा नाही, ते आज सगळ्यांनी पाहिलं. तरी राहणार आहे." मग त्यांनी झाकणावर बोट टेकवलं. "तार आत सुखरूप आहे. वळसा मागून येणाऱ्यासाठी ठेवलाय. मी गेलो की उघडा आणि प्लग लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. तोवर हात लावू नका."

नेटवर्कवाल्याने विचारलं, मग दुसरं टोक राहू दे का. राहू दे, मी म्हटलं, आणि त्याला दारापर्यंत सोडून आले. परत येऊन मी ती लांबट खुर्ची पायाने ढकलत हॉलमध्ये नेली. फरशीवर तिचा ओरखडा उठला, तो अजून आहे. नवरा म्हणाला, वेड लागलंय तुम्हा बापलेकीला, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मी म्हटलं, थिएटरपायी या खोलीतून काढलेल्या त्या पलंगाची एक बाजू धर. त्याने धरली नाही. मी आणि अप्पांनीच पलंग नेला, दारात अडकला तेव्हा दोघं एकमेकांवर खेकसलो, आणि शेवटी तो आत गेला.

काळा पडदा काढून मी त्याची फडकी केली. झाडं शेजारणीकडून आली, खिडकीत बसली. गाद्या मात्र अप्पांनी काढू दिल्या नाहीत. म्हणतात, भिंती मऊ आहेत, तुमची भांडणं ऐकू येत नाहीत, झोप छान लागते. प्रोजेक्टर खोक्यात घालून कपाटावर ठेवलाय. नणंदेने फोन करून विचारलं, लाट आली का पूर्ण. मी म्हटलं, येऊन बघ.

आमचं तिघांचं जमतं असं कोणी समजू नये. नवरा अप्पांसमोर बसून जेवत नाही, अप्पा त्याने आणलेलं वर्तमानपत्र वाचत नाहीत, आणि मी दोघांनाही रोज काहीतरी बोलते. पण एक मात्र आहे. पूर्वी ज्या माणसाने सासऱ्याला कधी कसे आहात म्हणून विचारलं नाही, तो हल्ली रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभा राहतो.

"अप्पा, तब्येत कशी आहे?" तो विचारतो. विचारताना त्याचे डोळे पलंगामागच्या त्या पांढऱ्या झाकणाकडे जातात.

अप्पांनाही ते दिसतं. ते झाडांना पाणी घालायचं थांबवत नाहीत.

"ठणठणीत," ते म्हणतात.